डॉ. जानकी अम्माल : काशाच्या गवतापासून सायलेंट व्हॅलीपर्यंत



आश्विन महिन्यात आपण कधी कोलकात्याला गेलात आणि दमदमच्या विमानतळावरून जुन्या शहरात न जाता पूर्वेकडील न्यू टाउन या नव्या वसाहतीत उतरलात, तर एक दृश्य आपल्या डोळ्यांत भरल्यावाचून राहणार नाही. रुंद सरळ रस्ते, काचेच्या उंच इमारती, आणि त्यांच्या मधे अजून बांधकाम न झालेल्या मोकळ्या भूखंडांवर माणसाच्या उंचीचे गवत. गवताच्या शेंड्यांवर पांढरेशुभ्र, मऊ तुरे. वारा आला की सगळा भूखंड एकाच बाजूला झुकतो. बंगाली माणूस याला काशफूल म्हणतो. काश फुलला की दुर्गापूजा जवळ आली असे तिकडे समजतात, आणि शहरातील कुटुंबेच्या कुटुंबे या गवतात उभी राहून छायाचित्रे काढून घेतात.

हे गवत आपल्या उसाचे रानटी भावंड आहे. वनस्पतिशास्त्राने दोघांना एकाच प्रजातिनामाखाली, सॅकॅरम या नावाखाली बसवले आहे. काशाच्या कांडीत साखर नसल्यासारखीच असते. ती काठीसारखी बारीक असते, जनावरेही फार आवडीने खात नाहीत. तरीही कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या मळ्यांत आज जो ऊस डोलतो त्याच्या रक्तात, रक्त हा शब्द येथे चालवून घ्यावा, या निरुपयोगी दिसणाऱ्या गवताचा वाटा आहे. आणि त्या गवताच्या पेशींत डोकावून, तिथल्या अतिसूक्ष्म धाग्यांची मोजदाद करणाऱ्यांत एक भारतीय स्त्री अग्रभागी होती. तिचे पूर्ण नाव एडवलेथ कक्कट जानकी अम्माल. पुढे ती याच कोलकात्यात सरकारी अधिकारी म्हणून आली, आणि तिच्या आयुष्यातील सर्वांत कडू घोट तिला त्या नोकरीतच प्यावा लागला. तिची कथा आपल्यापुढे ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

जानकी अम्माल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी मलबारातील तेल्लिचेरी येथे झाला. वडील ई. के. कृष्णन हे तेथे उपन्यायाधीश होते. त्यांना दिवाण बहादूर हा किताब होता, आणि बाग व पक्षी यांचा नाद होता. पक्ष्यांवर त्यांनी लेखनही केले. आई देवी ही जॉन चाइल्ड हॅनिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी. तिची आई मलबारी स्त्री. हॅनिंग्टन पुढे त्रावणकोरचे रेसिडेंट झाले, पण त्या दोघांचे लग्न झालेले नव्हते. अशा संबंधांतून जन्मलेल्या मुलांकडे गोरे आणि काळे दोन्ही समाज कसे पाहत असत हे आपणांस सांगावयास नको. त्यात हे कुटुंब थिय्या समाजाचे, म्हणजे त्या काळच्या उतरंडीत खालच्या पायरीवरचे. घर मात्र सुशिक्षित होते आणि भरलेलेही. वडिलांना दोन विवाहांतून एकोणीस मुले होती. दुसऱ्या विवाहातील तेरांपैकी जानकी दहावी.

शिक्षण प्रथम तेल्लिचेरीच्या सेक्रेड हार्ट कॉन्व्हेंटमध्ये, मग मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात, आणि १९२१ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी. बहिणींची लग्ने एकामागून एक ठरत होती. जानकीने अभ्यास निवडला. त्या आयुष्यभर अविवाहित राहिल्या.

नोकरी मिळाली ती मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात. येथे आपल्याला क्षणभर थांबले पाहिजे, कारण हा भाग आपल्या मंडळीच्या इतिहासाशी जोडलेला आहे आणि आपल्याकडे तो क्वचितच सांगितला जातो. हे कॉलेज १९१५ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा येथील अनेक मिशनांनी एकत्र येऊन काढले. मिशनांनी एकत्र येऊन काही काढावे हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती! एलिनर मॅक्डुगल या तेथील पहिल्या प्राचार्या. एका थिय्या घरातील हिंदू मुलीला तेथे अध्यापिका म्हणून जागा मिळाली, आणि तेथून अमेरिकेचा मार्ग मोकळा झाला.

त्या मार्गाची गोष्ट आणखी मागे, चीन देशात जाते. गर्ट्रूड हाऊ नावाच्या मेथडिस्ट मिशनरी बाईंनी दोन चिनी मुलींना हाताशी धरून शिकवले होते. एक पाळकाची मुलगी, दुसरी हाऊबाईंनीच दत्तक घेतलेली. मेरी स्टोन आणि आयडा कान या इंग्रजी नावांनी त्या मिशिगन विद्यापीठात गेल्या, १८९६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि मायदेशी परतून त्यांनी रुग्णसेवा उभी केली. पुढे मिशिगनचे एक धनिक वकील लेव्ही बार्बर पूर्वेच्या प्रवासास गेले असता, आपल्याच विद्यापीठात शिकलेल्या या स्त्रियांचे काम त्यांनी पाहिले आणि ते भारावून गेले. त्यातून १९१७ मध्ये आशियातील स्त्रियांसाठी बार्बर शिष्यवृत्ती स्थापन झाली. जानकी अम्माल त्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेल्या. चीनमधील दोन ख्रिस्ती स्त्रियांनी रुग्णांच्या खाटांशेजारी घालवलेल्या रात्रींचे फळ मलबारच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीच्या पदरात पडले. त्या डॉक्टरांना याची कल्पनाही नसेल.

१९२५ मध्ये एम. एससी. होऊन त्या ख्रिश्चन कॉलेजात परत आल्या. मग पुन्हा मिशिगनला जाऊन १९३१ मध्ये त्यांनी डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळवली. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. दोन वर्षे त्रिवेंद्रमच्या महाराजांच्या विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापकी केल्यावर, १९३४ मध्ये त्यांना कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रातून बोलावणे आले. येथेच आपल्या काशगवताशी त्यांची गाठ पडली.

उसाची अडचण अशी होती. इकडचा देशी ऊस काटक, पण बारीक आणि कमी रसाचा. पूर्वेकडील बेटांवरचा जाड ऊस रसाळ आणि गोड, पण नाजूक. रोगाला आणि थंडीला लगेच बळी पडणारा. कोइमतूर येथे डॉ. बार्बर (मिशिगनच्या बार्बरशी यांचा काही संबंध नाही, स्पेलिंगही वेगळे आहे) आणि त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरामन यांनी गोड उसाचा काशाशी संकर घडवला. त्यातून निघालेला को २०५ हा ऊस १९१८ मध्ये पंजाबात लागवडीस आला. नावातील को म्हणजे कोइमतूर. आपल्याकडे ज्याने एका पिढीला हात दिला तो को ७४०, आणि आज शेतकरी ज्याला नुसते शहाऐंशी शून्य बत्तीस म्हणून ओळखतो तोही, त्याच केंद्राचा.

संकर तर झाला. पण तो कधी साधतो, कधी फसतो, आणि का, हे कळायचे असेल तर पेशीच्या आत पाहावे लागते. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. आईबापांचे गुण लेकरांत नेणारे हे धागे. पेशी दुभंगण्याच्या बेतात असली की ते आखडून आखूड काड्यांसारखे होतात, आणि तेवढ्या अल्प काळातच सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. म्हणून रोपाच्या मुळाचे कोवळे टोक वेळ साधून कापायचे, औषधात घालून पेशी होत्या तशा थिजवायच्या, रंग द्यायचा, काचपट्टीवर पसरायच्या, आणि एकेका पेशीत डोळा लावून बसायचे. दहा पेशी पाहाव्या तेव्हा एक नीट दिसते. काड्या एकमेकींवर पडलेल्या असतात. पुन्हा पुन्हा मोजावे लागते.

गोड उसात ही संख्या ८०. काशात मात्र ४० पासून १२८ पर्यंत काहीही! एकाच नावाचे गवत, पण एका नदीकाठचे दुसऱ्या नदीकाठच्यापेक्षा आतून वेगळे. जानकी अम्माल यांनी या वेगवेगळ्या काशांची गुणसूत्रे मोजली, ते कोठे कोठे उगवतात याच्याशी त्या आकड्यांची सांगड घातली, आणि या गवताचे माहेर भारतच असावे या मताला बळ दिले. त्याहून धाडसाचे काम म्हणजे उसाचा दुसऱ्याच वंशातील गवतांशी संकर. उसाचा मक्याशी झालेल्या संकराचे त्यांचे टिपण १९३८ मध्ये नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले.

एवढे असून कोइमतूरला त्या सुखी नव्हत्या. एकटी स्त्री, तीही खालच्या मानलेल्या समाजाची, आणि हुद्दा मात्र पुरुषांच्या बरोबरीचा. कुरबुरी होत राहिल्या. १९३९ च्या ऑगस्टात एडिंबरो येथे आनुवंशिकीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला त्या गेल्या. परिषद संपते न संपते तोच महायुद्ध पेटले, आणि परतीचा प्रवास लांबला तो कित्येक वर्षे.

लंडनजवळच्या मर्टन येथील जॉन इन्स संस्थेत १९४० पासून त्यांना काम मिळाले. सोबतीला त्यांनी कपोक नावाची एक खार पाळली होती. रात्री जर्मन विमाने येत. बाँब पडू लागले की त्या पलंगाखाली शिरत, सकाळी फुटलेल्या काचा झाडून काढीत आणि सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसत, असे त्यांच्या आठवणीत सांगतात. या दिवसांत सी. डी. डार्लिंग्टन या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा ग्रंथ सिद्ध केला. युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, तो प्रसिद्ध झाला.

हा ग्रंथ म्हणजे एक कोशच. ओळीमागून ओळ वनस्पतीचे नाव, आणि पुढे एक संख्या. कादंबरीसारखा कोणी तो वाचणार नाही. पण ज्याने कधी कोशाचे काम केले आहे त्याला अशा पानांची किंमत कळते. मी स्वतः शब्दांच्या याद्यांत बरीच वर्षे घालवली आहेत. एखादी नोंद बरोबर ठरवण्यात आठवडा जातो, आणि छापून आल्यावर ती अर्धी ओळ असते.

त्या आकड्यांतून काय कळते ते आपल्या ओळखीच्या एका फळावरून पाहू. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आपण खाल्ली असेल. हिमालयात किंवा युरोपच्या रानात आपोआप उगवणारी स्ट्रॉबेरी करंगळीच्या पेराएवढी असते. तिच्या पेशीत १४ गुणसूत्रे, म्हणजे सातांचे दोन संच. बाजारातील टपोऱ्या स्ट्रॉबेरीत ५६, म्हणजे सातांचे आठ संच. ही बागेतली स्ट्रॉबेरी फार जुनीही नाही. उत्तर अमेरिकेतील एक आणि चिलीमधील एक अशा दोन जाती अठराव्या शतकात युरोपातील बागांत शेजारी शेजारी आल्या आणि त्यांच्या मीलनातून ती जन्मली. त्या दोन्ही जाती मुळातच आठ संचांच्या होत्या, म्हणून संकर फळला. एकीत दोन व दुसरीत आठ संच असते तर संतती बहुधा वांझ निघाली असती. चिडाच्या झाडाची गोष्ट याच्या उलट. काश्मीरपासून कॅलिफोर्नियापर्यंत चिडाच्या शेकडो उपजाती-जाती आहेत, एक बुटकी तर दुसरी गगनाला भिडणारी, पण संख्या सगळीकडे २४. चिडाने संच वाढवले नाहीत, असलेले धागेच लांबवत नेले. २०१४ मध्ये अमेरिकेतील लॉब्लॉली चिडाचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा तो माणसाच्या सुमारे सातपट निघाला. रानस्ट्रॉबेरीचा २०११ मध्ये आणि बागेतल्या स्ट्रॉबेरीचा २०१९ मध्ये वाचला गेला. आजचे संशोधक फळ कशामुळे फुगते, खोड कशामुळे सरळ वाढते हे एकेका जनुकापर्यंत जाऊन पाहू शकतात. परंतु आधी संच किती आहेत हे कोणीतरी डोळे ताणून मोजून ठेवले होते, हे विसरता येत नाही.

युद्धानंतर १९४५ पासून त्या विस्लीच्या राजेशाही उद्यानात पेशीशास्त्रज्ञ होत्या. तेथे त्यांनी कोल्चिसिन हे द्रव्य वापरून रोपांच्या गुणसूत्रांचे संच दुप्पट करण्याचे प्रयोग केले. हे द्रव्य आपल्याकडील कळलावीच्या कंदातही असते. विष म्हणून ते खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. मॅग्नोलिया, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळातील झाडे, यांच्यावर त्यांनी हे काम केले. पांढऱ्या फुलांच्या एका मॅग्नोलियाला पुढे जानकी अम्माल हेच नाव मिळाले.

आता आपण कोलकात्याला येऊ. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना मायदेशी बोलावले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० पासूनची, परंतु स्वातंत्र्याच्या सुमारास ती नावापुरती उरली होती. तिची पुन्हा उभारणी करायची होती. ऑक्टोबर १९५२ मध्ये विशेष अधिकारी म्हणून जानकी अम्माल यांची नेमणूक झाली. चौरंगी लेनमध्ये कचेरी होती. त्या हाती लांब झाडू घेऊन कचेरीपुढचा रस्ता स्वतः झाडीत, असे सांगतात. अंगावर साधी साडी, वृत्तीने गांधीवादी, बोलणे मोजके. शिपाई आणि कारकून काय म्हणत असतील याची कल्पना आपण करू शकता!

त्यांच्या योजनेचे मर्म असे की भारताच्या वनस्पतींचा अभ्यास भारतात, भारतीयांनी आणि जिवंत झाडांवर व्हावा. तोवर रीत वेगळी होती. रानातून फांदी तोडावी, दाबून वाळवावी, कागदावर चिकटवावी, आणि चांगला नमुना लंडनजवळच्या क्यू उद्यानाकडे पाठवावा. आपल्याच झाडाचे नाव पक्के करायला आपल्याला समुद्र ओलांडावा लागे. त्यातच अधिक धान्य पिकवा ही मोहीम जोरात होती आणि जंगले तुटत होती. शिलाँगपासून ३७ मैलांवर एका मॅग्नोलियाचे त्या भागातील एकमेव झाड आहे असे कळल्यावरून त्या ते पाहायला गेल्या, तो झाड जळून गेलेले. मोजायला काही उरलेच नव्हते.

संस्थेची पुनर्रचना झाली. कोइमतूर, शिलाँग, डेहराडून आणि आपले पुणे येथे विभागीय केंद्रे निघाली. पुण्याचे केंद्र १९५५ चे. जानकी अम्माल यांच्याकडे केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळा आली, जी पुढे अलाहाबादला होती. परंतु सर्वेक्षणाच्या मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञाच्या जागेवर सरकारने बसवले ते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांना, आणि जानकी अम्माल यांना त्यांच्या हाताखाली काम करणे आले.

वाचकहो, हे नाव ऐकून मुंबईकडील आपल्यापैकी काहींना बरे वाटले असेल, आणि ते स्वाभाविक आहे. फादर सांतापाव हे येशूसंघीय धर्मगुरू. स्पेनमध्ये जन्मले, १९२८ मध्ये भारतात आले, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवले, आणि पुढे भारताचे नागरिक झाले. खंडाळ्याच्या घाटातील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा; आजही तो अभ्यासक उघडतात. सह्याद्रीत पायी हिंडून त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. १९६० च्या दशकात ते सर्वेक्षणाचे संचालक होते. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० मध्ये ते वारले. अशा माणसाबद्दल वाईट बोलायला जीभ धजत नाही, आणि बोलण्यासारखे काही नाहीही.

तरी जानकी अम्माल यांना ही नेमणूक पराभवासारखी वाटली. आपला स्वतःचा नव्हे, तर भारतीय वनस्पतिशास्त्राचा पराभव. फादर क्यूच्या शिस्तीत तयार झालेले होते. जी रीत मोडायला आपल्याला बोलावले तीच रीत वरच्या खुर्चीत येऊन बसली, असे त्यांनी डार्लिंग्टन यांना कळवले. त्या पत्रात कडवटपणा आहे. तो झाकण्याचा प्रयत्न काही चरित्रलेखक करतात. मला त्याची गरज वाटत नाही. साठीकडे झुकलेल्या, जगभर मान मिळवलेल्या स्त्रीला आपल्याच देशात दुसऱ्या क्रमांकावर उभे केले गेले, तर तिला दुःख झाले नसते तरच नवल.

मला विचाराल तर त्या दोघांच्या वादात दोन्ही बाजूंना तथ्य होते. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाने गुराढोरांना, पाखरांना व वनपशूंना नावे दिली असे आहे. झाडाझुडपांची नावे त्याने ठेवल्याचा उल्लेख नाही. ते काम राहून गेले, आणि पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना त्याचा जाच आम्हाला रोज होतो. एजोब म्हणजे नेमके कोणते झुडूप? शारोनाचे फूल कोणते? नाव पक्के नसेल तर पुढचे सगळेच डळमळते. फादर सांतापाव यांचे आयुष्य नावे पक्की करण्यात गेले, आणि वाळलेल्या नमुन्यावाचून नाव पक्के होत नाही. पण नाव एकच असूनही एक काश ४० गुणसूत्रांचा आणि दुसरा १२८ चा असू शकतो, हे वाळक्या फांदीवरून कोणास कधी कळले नसते. सरकारला एकाच खुर्चीत एकच मनुष्य बसवता येतो, ही अडचण होती. ती खुर्ची त्यांनाच मिळायला हवी होती, असे माझे मत आहे. योजना त्यांनी आखली होती.

त्यांनी नोकरी सोडली नाही, काम तर नाहीच. १९५५ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथे मानवाने पृथ्वीचा चेहरा कसा बदलला या विषयावर मोठी परिषद भरली. निमंत्रितांत त्या एकट्या स्त्री होत्या. भारतातील वनवासी लोक रानातून काय खातात, काय राखतात, यावर त्यांनी तेथे निबंध दिला. हिमालयाच्या ईशान्येकडील थंड व ओलसर भागात नव्या जाती भराभर का निपजल्या, आणि वायव्येच्या कोरड्या भागात का नाहीत, याचे उत्तर त्यांनी गुणसूत्रांचे संच वाढण्याच्या प्रक्रियेत शोधले. १९५६ मध्ये मिशिगन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. पुढे जम्मूच्या प्रयोगशाळेत, काही काळ मुंबईत तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात, आणि १९७० पासून मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रात. १९७७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पद्मश्री. फादर सांतापाव यांच्यानंतर दहा वर्षांनी.

मद्रासजवळ मदुरावायल येथे विद्यापीठाची क्षेत्रीय प्रयोगशाळा होती. तेथेच त्या राहत. औषधी झाडांची बाग, सूक्ष्मदर्शक आणि थोडी भांडीकुंडी, एवढाच संसार.

याच सुमारास केरळात सायलेंट व्हॅलीचा प्रश्न उभा राहिला. पश्चिम घाटातील या दाट जंगलातून कुंतीपुळा नदी वाहते. तिच्यावर वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याची योजना होती. शास्त्रज्ञ, शिक्षक, कवी रस्त्यावर आले. बाई तेव्हा ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. त्यांनी विरोधाला आपला आवाज दिलाच, पण शिवाय स्वतःला जे येत होते तेच काम पुढे केले. त्या जंगलातील झाडांच्या गुणसूत्रांची पाहणी करायचे त्यांनी ठरवले, आणि तसे डार्लिंग्टन यांना लिहून कळवले. शिलाँगच्या वाटेवरील जळलेले झाड त्या विसरल्या नसाव्यात. पाणी चढण्याआधी मोजून ठेवले पाहिजे.

पाणी चढले नाही. १९८३ मध्ये सरकारने धरणाची योजना सोडून दिली, आणि १५ नोव्हेंबर १९८४ रोजी सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. ती घोषणा ऐकायला जानकी अम्माल नव्हत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत, मदुरावायलच्या प्रयोगशाळेत काम करीत असतानाच, त्यांचे देहावसान झाले होते.

अखेरच्या वर्षांत त्यांच्याभोवती मांजरांचे मोठे बिऱ्हाड असे. पिल्ले झाली की त्या ती निरखून पाहत, आणि दुसऱ्या कोणाला सारखीच दिसणारी पिल्ले एकमेकांहून कशात वेगळी आहेत हे पाहणाऱ्याला समजावून सांगत.